डांग्या खोकला : औषध एकीला नाही, अख्ख्या घराला

डांग्या खोकल्यावरचं अँटिबायोटिक खोकला थांबवायला दिलेलं नसतं. ते कशासाठी असतं हे आधीच कोणी नीट समजावलं असतं, तर ते दिवस थोडे कमी भीतीत गेले असते. घरात तान्हं बाळ असलेल्यांसाठी हे लिहिते आहे.

आमची मोठी सात वर्षांची. सर्दी झाली, ताप जवळजवळ नव्हताच, मग रात्रीच्या उबळी सुरू झाल्या. एकदा ढास लागली की श्वास घ्यायला उसंत नाही. तोंड लालबुंद, डोळ्यांतून पाणी, शेवटी हूऽऽप करून ओढलेला लांब श्वास आणि लगेच उलटी. मधल्या वेळात मात्र पोर खेळत असायची, म्हणून तपासायला नेली की छाती साफ. ॲलर्जीची औषधं झाली, कफ सिरप झाली. एका रात्री सासूबाई उठून आल्या आणि म्हणाल्या, "अगं, हा डांग्याच. माझ्या भावाला झाला होता."

तिचे सगळे डोस वेळेवर झाले होते, पाचव्या वर्षाचा बूस्टरसुद्धा. नव्या डॉक्टरांना तेच विचारलं. ते म्हणाले, लसीचं संरक्षण वर्षागणिक ओसरतं; आजार सहसा सौम्य जातो, पण होऊ शकतो. नाकातून पार मागपर्यंत बारीक काडी घालून पीसीआरसाठी, म्हणजे जंतू ओळखणाऱ्या तपासणीसाठी, स्वॅब घेतला. रिपोर्टला न थांबता औषध त्याच दिवशी लिहून दिलं, आणि विचारलं, "घरात लहान बाळ आहे का?"

होतं. धाकटा जेमतेम महिन्याचा. डांग्यासह पाच आजारांवरच्या पेंटाव्हॅलेंट लसीचा पहिला डोस सहा आठवड्यांना मिळतो, म्हणजे त्याला काहीच संरक्षण नव्हतं. गरोदरपणात सत्ताविसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्यात टीडॅप ही धनुर्वात, घटसर्प आणि डांग्यावरची लस घेतली की आईकडून बाळाला संरक्षण मिळतं, पण ती मला कोणी सुचवलीच नव्हती. सरकारी लसीकरणात गरोदर बाईला टीडी ही धनुर्वात-घटसर्पाची लस मिळते, तिच्यात डांग्याचा भाग नसतो. एवढ्या लहान बाळाला हूप आवाज येईलच असं नाही. ते खोकण्याऐवजी श्वासच थांबवतं, निळं पडतं. हे ऐकल्यावर माझे हात गार पडले.

उबळी सुरू होईपर्यंत जंतूंच्या विषानं श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराचं नुकसान झालेलं असतं. जंतू मेले तरी ते भरून यायला आठवडे लागतात. औषधाचं मुख्य काम संसर्ग तोडण्याचं. आम्हाला दिलेल्या ॲझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचे पाच दिवस पूर्ण झाले की रुग्णाकडून लागण होत नाही. औषधच घेतलं नाही तर खोकला सुरू झाल्यापासून सुमारे तीन आठवडे होऊ शकते. म्हणून कोर्स सगळ्यांना, खोकला नसलेल्यांनाही. मोठीला वजनानुसार पहिल्या दिवशी पूर्ण डोस आणि पुढचे चार दिवस निम्मा. आम्हा दोघांना पहिल्या दिवशी ५०० मिलिग्रॅम, मग रोज २५०. सासूबाईंना हृदयाच्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळे त्यांचा आधी ईसीजी काढायला लावला. या औषधानं काहींच्या ठोक्यांची लय बिघडू शकते.

बाळाचा डोस पाचही दिवस सारखाच होता. एरिथ्रोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकनं इतक्या लहान बाळांत जठराचं आतड्याकडचं तोंड अरुंद होण्याचा धोका वाढतो, म्हणून ॲझिथ्रोमायसिन. तरी जोरात, लांब उडणारी उलटी झाली तर लगेच आणा, असं बजावलं होतं. प्रत्येक पाजण्यानंतर त्याला खांद्यावर घेऊन मी ही साधी गुळणी की उलटी हेच बघत बसायचे. मोठी बाबांबरोबर दुसऱ्या खोलीत. भावाला हात लावायचा नाही म्हटल्यावर ती दाराशी उभी राहून त्याला गोष्टी सांगायची.

कोर्स चालू असतानाच रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. बाळाला काही झालं नाही. मोठी पाच दिवसांनंतर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन शाळेत गेली, खोकत खोकतच; वर्गशिक्षिकेला फोन करून आता तिच्याकडून लागण होणार नाही हे सांगावं लागलं. उबळी हळूहळू विरळ झाल्या. उलटी झाली की थोड्या वेळानं पुन्हा थोडंसं भरवायचं, एवढाच उपाय उपयोगी पडला. पुढे साध्या सर्दीत तोच खोकला पुन्हा उमटला. डॉक्टर म्हणाले, काही महिने असं होतं, जंतू परत आलेले नाहीत. त्या वेळी अँटिबायोटिक दिलं नाही.