सात गाणी, एक गिटार आणि मे महिना

माझा ड्रमर मित्र पुण्यात नोकरी करतो. त्याला सुट्टी मिळाली ती मे महिन्यात, म्हणून आमचा अल्बम नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी, माडीवरच्या खोलीत, ऐन ४५ अंशांत रेकॉर्ड झाला. कूलर चालू ठेवला की त्याचा पंखा आणि पंप दोन्ही माइकमध्ये येत, आणि बंद केला की अर्ध्या तासात जीव कासावीस व्हायचा. शेवटी रात्री दोन ते पाच ही वेळ ठरवली. भिंतींना घरातल्या सगळ्या गाद्या टेकवल्या. ताशाची तर सोडाच, पूर्ण ड्रमसेटचीही परवानगी शेजाऱ्यांकडून मिळणं शक्य नव्हतं, म्हणून मित्राने फक्त एक फ्लोअर टॉम, म्हणजे ड्रमसेटमधला जमिनीवर उभा राहणारा मोठा ढोल, आणला.

पहिले चार दिवस गुणगुण ऐकण्यातच गेले. गिटारचा आवाज फाडायचा म्हणजे फझ पेडलवर (आवाज मुद्दाम खरखरीत करणारं पायातलं यंत्र) गेन, म्हणजे सिग्नलचा जोर, वाढवायचा, आणि गेन वाढला की विजेची ५० हर्ट्झची घरघर त्याच्यासोबत वाढते. तारांना हात लावला की ती कमी व्हायची. आधी मला केबल खराब वाटली, मग पेडल. इलेक्ट्रिशियन भाऊंनी अंगणातला अर्थिंगचा खड्डा पाहिला आणि म्हणाले, "जमीनच सुकली ना भाऊ, अर्थिंग काहून मिळन? बादलीभर पाणी टाका, मग पाहा." दोन बादल्या टाकल्या. थोडी घरघर उरली, पण गाणं ऐकू यायला लागलं.

खरी अडचण त्यानंतर कळली. माझ्या गाण्यांत मी भरगच्च कॉर्ड लिहिले होते. फझमधून ते काढले की नुसता चिखल. आत्या गाणं शिकवते. तिला तानपुऱ्याच्या जवारीचा, म्हणजे तारांच्या झणझणत्या गुंजनाचा, कान आहे. ती दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "जवारी फारच खुली झालीये रे. आणि तो गंधार, तो ‘ग’, आधी काढ, चढा लागतोय."

ती बरोबर होती. फझ आवाजाच्या लाटेची टोकं कापतो आणि एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या बेरजा-वजाबाक्यांतून नवे स्वर तयार करतो. गिटारची जाड ई तार साधारण ८२ हर्ट्झला वाजते, तिचा पंचम (प) १२३ ला. वजाबाकी ४१, म्हणजे तोच षड्ज (सा), एक सप्तक खाली. त्यामुळे सा-प फाटले तरी भरदार लागतात. पडद्यांच्या गिटारवरचा गंधार मात्र शुद्ध गंधारापेक्षा जरासा चढाच असतो. त्याच्या वजाबाक्या भलत्याच ठिकाणी पडतात आणि स्वर एकमेकांना खातात.

त्या रात्री मी सातही गाण्यांत जिथे जिथे फझ होता तिथे फक्त सा आणि प ठेवले. गंधार गळ्याकडे दिला. एक गिटार, एक टॉम, एक आवाज, आणि मध्ये बरीच मोकळी जागा. लोकांना तो विरळपणा आधी ठरवून केलेला वाटतो. आमच्याकडे तो फाटलेल्या आवाजानेच मागून घेतला. मला तो आजही अल्बममधला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

मास्टरिंगला, म्हणजे आवाजावर शेवटचा हात फिरवायला, पाठवलेल्या फाइल परत आल्या तेव्हा मी रडकुंडीला आलो. मास्टरिंग करणाऱ्या दादांनी प्रामाणिकपणे सगळी खरखर धुऊन काढली होती, थांबलेल्या जागा साफ गप्प केल्या होत्या आणि गाण्यांचा आवाज शक्य तितका मोठा केला होता. मी फोनवर समजावलं: स्पॉटिफाय ऐकवताना आवाजाची पातळी साधारण उणे १४ एलयूएफएसवर (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) आणतं, त्याहून मोठं गाणं ते खालीच ओढतं, मग मोठं करून हाती काय लागणार? उलट टॉमचा ठोका आणि त्यानंतरची शांतता यांतलं अंतर तेवढं मरतं. तिसऱ्या खेपेला जमलं.

बाकी कागदपत्रं, कव्हर, प्रत्येक गाण्याचा १२ अक्षरी आयएसआरसी क्रमांक (रेकॉर्डिंगची आंतरराष्ट्रीय ओळख), हे एका दुपारी उरकलं.

चौथ्या गाण्याच्या शेवटी तार विझत जाते, आणि घरघरीखाली कोकीळ ऐकू येते. पाच वाजले होते, खिडकी बंद करायची राहिली होती. दादांनी ती दोनदा काढली, मी दोनदा परत घालायला लावली. आत्या अल्बम लावते तेव्हा ते गाणं सुरू झालं की कूलर बंद करते.