टोपीवाला गोल, बिनटोपीचा गोल आणि कोरियन तिकिटं

सांगलीला आमच्या बाबांकडे पोस्टाच्या तिकिटांचा एक जुना बिस्किटांचा डबा आहे, लहानपणी सुट्टीत तो उघडायचा म्हणजे आमच्यासाठी सणच असायचा. दक्षिण कोरियातल्या सुवोन शहरात राहायला आले तेव्हा बाबांनी एकच गोष्ट मागितली होती, तिकडची तिकिटं पाठव. त्यांच्यासाठी म्हणून गोळा करायला लागले आणि आता माझाच अल्बम झालाय, म्हणून हे सगळं तुम्हाला सांगावंसं वाटतंय.

पहिला शब्द शिकले तो 'उप्यो', म्हणजे तिकीट. 'उ' म्हणजे टपाल आणि 'प्यो' म्हणजे तिकीट, हेच 'प्यो' रेल्वेच्या तिकिटालाही लागतं, आणि हाच 'उ' पोस्ट ऑफिसच्या पाटीवर 'उछेगुक' मध्ये दिसतो. 'उ' ओळखायला एकदम सोपा, वर गोल, त्याखाली आडवी रेघ आणि रेघेला खाली लोंबणारी छोटी काडी. एवढं डोळ्यात बसलं की बऱ्याच कोरियन तिकिटांवर तो शब्द सापडतो, आणि मग त्याच्या आधी काय लिहिलंय ते बघायचं, कारण खरी गंमत तिथे आहे.

दक्षिण कोरियाच्या तिकिटावर 'तेहान मिनगुक' असतं, हे १९४८ मध्ये देश झाल्यापासूनचं नाव. उत्तर कोरियाच्या तिकिटावर 'चोसन उप्यो', चोसन हे कोरियाचं जुनं नाव. आता नवीन तिकिटांवर सोबत रोमन अक्षरांतही देशाचं नाव असतं त्यामुळे घोळ होत नाही, पण उत्तरेच्या जुन्या तिकिटांवर नुसतं कोरियनच असतं. मी असा नियम करून टाकला होता की चोसन दिसलं की उत्तर, आणि दोन महिने त्याच नियमाने तिकिटं लावत होते.

मग एका शनिवारी सोलला गेले, तिथे ह्वेह्यन नावाचं भुयारी मार्केट आहे, जुनी नाणी, तिकिटं, गाण्याच्या रेकॉर्ड्स, छोटी छोटी दुकानं एकाला एक लागून. एका दुकानातल्या आजोबांना (इथे दुकानदाराला 'साजांगनिम' म्हणतात, आपण शेठ म्हणतो तसं) माझा अल्बम दाखवला, तर त्यांनी चिमट्याने एक तिकीट उचललं आणि उत्तरेच्या पानावरून काढून दक्षिणेच्या पानाच्याही आधी ठेवलं. तिकिटावर चोसन उप्योच लिहिलेलं होतं! पण ते १९४६ चं, म्हणजे जपान हरल्यावर दक्षिणेत अमेरिकन लष्कराचं सरकार होतं तेव्हाचं, देशाची दोन नावं व्हायच्या आधीचं. त्यावेळी सुरुवातीला तर उरलेल्या जपानी तिकिटांवरच 'चोसन उप्यो' आणि नवी किंमत छापून चालवली होती. त्याच्या आधी १९०५ पासून टपाल जपानच्या हातात, त्यामुळे त्या चाळीस वर्षांची कोरियाची स्वतःची तिकिटंच नाहीत, जपानी तिकीट आणि त्यावर कोरियातल्या गावाचा शिक्का एवढंच. म्हणून त्या काळातलं तिकीट घेताना चित्र नाही, शिक्का वाचायचा. सोल असेल तर शिक्क्यावर 'केइजो' येतं, ते सोलचं जपानी नाव. मला हे ऐकून खूप वाईट वाटलं होतं, शहराचं नावसुद्धा आपलं राहिलं नाही.

दुसरं म्हणजे किंमत. आत्ताचं चलन 'वोन', पण १९५३ ते १९६२ 'ह्वान' होतं. शंभर जुने वोन म्हणजे एक ह्वान, आणि नंतर दहा ह्वान म्हणजे एक नवा वोन. तिकिटावर आकडा मोठा असतो पण चलनाचं अक्षर बारीक, आणि दोन्ही अक्षरं लांबून सारखीच वाटतात. आजोबांनी शिकवलं ते असं, गोलाच्या डोक्यावर टोपी असेल तर तो 'ह', म्हणजे ह्वान, बिनटोपीचा गोल असेल तर वोन. बस, टोपी बघितली की तिकीट त्या नऊ वर्षांतलं आहे की नाही ते लगेच कळतं.

आणि सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे सालं. १९५० च्या दशकातल्या तिकिटांवर ४२८८, ४२९० असे आकडे असतात, मला आधी वाटलं सिरीयल नंबर असेल. पण ती 'तांगी' वर्षं आहेत, तांगुन नावाच्या पुराणातल्या पहिल्या राजापासून मोजलेली. २३३३ वजा करायचे, ४२९० म्हणजे १९५७. आपल्या कालनिर्णयवर शके लिहिलेलं असतं आणि आपण ७८ मिळवतो, अगदी तसंच, फक्त इथे वजा! १९६२ पासून सरकारने ते बंद करून आपलं नेहमीचं इसवी साल घेतलं. उत्तरेचं मात्र वेगळंच, तिथे २०२४ पर्यंत 'चुछे' साल होतं, उत्तर कोरियाचे पहिले नेते किम इल-संग यांचं जन्मवर्ष १९१२ म्हणजे चुछे १, त्यामुळे चुछे १०० लिहिलेलं तिकीट २०११ चं.

एक सावधगिरी सांगते, एका पाकिटात मला झाडाचं, बर्फाचं चित्र असलेली सुंदर 'तिकिटं' मिळाली, ती तिकिटं नव्हतीच, ख्रिसमस सील होते. टीबीच्या मदतनिधीसाठी १९३२ पासून इथे निघतात, पाकिटावर तिकिटाशेजारी चिकटवतात, पण टपालासाठी चालत नाहीत. ओळखायचं कसं, तर 'उप्यो' शब्द नसतो. मी ती वेगळ्या पानावर ठेवलीत, टाकवत नाहीत.

कोरियाचं अगदी पहिलं तिकीट १८८४ चं, नोव्हेंबरच्या १८ तारखेला टपाल सुरू झालं आणि ४ डिसेंबरला त्या पोस्टाच्या उद्घाटनाच्या मेजवानीतच बंड झालं, टपाल बंद. पुढची तिकिटं यायला १८९५ उजाडलं. ती पोस्टाची इमारत, उजंगचोंगगुक, सोलमध्ये जोग्येसा मंदिराजवळ आजही आहे, छोटीशी, उतरत्या कौलांची. मी तिथे बराच वेळ नुसती बसून होते.

बाबांना पाठवायला मी २००३ ची जोडी शोधत होते, भारत आणि कोरियाने एकत्र काढलेली, एकावर जयपूरचं जंतर मंतर आणि एकावर ग्योंगजूची जुनी वेधशाळा चोमसंगदे. मागच्या आठवड्यात मिळाली. पाकिटात सोबत एक कागद ठेवलाय, त्यावर मोठ्या अक्षरात 'उ' काढलाय आणि खाली टोपीवाला गोल. काल बाबांचा व्हिडिओ कॉल आला, भिंग घेऊन बसले होते, म्हणाले, "अगं, माझ्या डब्यात एक आहे बघ, टोपीवालं!"