चेहरा पंचेचाळिशीचा, आवाज ऐंशीचा

रविवार, रात्री उशिरा

'इंडियाना जोन्स अँड द डायल ऑफ डेस्टिनी', म्हणजे मालिकेचा पाचवा भाग, घरी बघितला. सुरुवातीच्या प्रसंगात संगणकावर तरुण केलेल्या हॅरिसन फोर्डच्या चेहऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. हनुवटीवरचा तो व्रणसुद्धा जागच्या जागी आहे. खटकतोय तो आवाज. डोक्यावरचं पोतं ओढून काढतात, १९४४ सालातला इंडियाना जोन्स समोर येतो, आणि तोंड उघडलं की आतून एक आजोबा बोलतात. थिएटरात हे इतकं जाणवलं नव्हतं. घरी जाणवलं, आणि आता डोक्यातून जात नाहीये.

दादा म्हणतो, तू आवाज ऐकायला बसतेसच कशाला. असो.

पहिला संशय अर्थातच यंत्रावर. संवाद ओठांपासून जरा जरी सुटले तरी माणूस खोटा वाटायला लागतो, म्हणून आधी तेच बघायचं. आवाज चित्राच्या मागे राहिला तर सव्वाशे मिलिसेकंदांपर्यंत आपण खपवून घेतो, पण पुढे धावला तर पंचेचाळीसच्या आसपासच खटकतं. साहजिक आहे, आवाज प्रकाशाच्या आधी पोचल्याचं आपण आयुष्यात कधी पाहिलेलंच नसतं. टीव्ही चित्रावर जितकी प्रक्रिया करतो तितकं चित्र उशिरा येतं, म्हणून रिसीव्हरमध्ये (स्पीकरांना आवाज पुरवणाऱ्या पेटीत) आवाज रोखून धरायची सोय असते. ती एकाच दिशेने चालते. आवाज पुढे असेल तर थांबवता येतो, मागे असेल तर पुढे ढकलता येत नाही. टीव्हीमधून फिरून साउंडबारला जाणारा आवाज बहुतेक वेळा मागेच पडतो. अशा वेळी आकड्यांशी खेळत बसू नये, प्लेअरची केबल सरळ रिसीव्हरला लावावी आणि तिथून टीव्हीला.

दुसरी जागा एआरसीची, म्हणजे टीव्हीतला आवाज एचडीएमआय केबलमधूनच साउंडबारला परत पाठवण्याच्या सोयीची. डिस्कवरचा, डोक्यावरूनही ऐकू येणारा डॉल्बी अ‍ॅटमॉस ट्रूएचडीमध्ये असतो, म्हणजे काटछाट न केलेला, आणि साध्या एआरसीतून तो जात नाही, त्याची वाढीव आवृत्ती, ई-एआरसी, लागते. स्ट्रीमिंगचा अ‍ॅटमॉस दाबून लहान केलेल्या डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये असतो, तो साध्यातूनही जातो. त्यामुळे गंमत अशी होते की ॲपवर अ‍ॅटमॉसचं चिन्ह उमटतं आणि महागडी डिस्क लावली की गायब. प्लेअरमध्ये 'सेकंडरी ऑडिओ' बंद आणि आउटपुट 'बिटस्ट्रीम' ठेवायचं, नाहीतर प्लेअर स्वतःच आवाज उलगडून मिसळतो आणि वरच्या स्पीकरांपर्यंत काहीच पोचत नाही. 'नाइट मोड' चालू राहिला असेल तर कुजबुज आणि स्फोट एकाच पातळीवर येतात. म्हाताऱ्या आवाजातली खरखर त्यात जास्तच पुढे येते.

हे सगळं नीट आहे. तरी आवाज ऐंशीचाच.

मग चित्राकडे वळायचं. एचडीएमआयचं ते भोक टीव्हीच्या मेनूत 'एन्हान्स्ड' किंवा 'डीप कलर'वर नसेल तर एचडीआर (उजेड-अंधाराचा पूर्ण पल्ला) येतच नाही, आणि रात्रीचा किल्ला नि आगगाडी नुसती राखाडी दिसते. गुळगुळीत हालचालीचं जे काही नाव तुमच्या कंपनीने ठेवलं असेल ते बंद. सेकंदाला चोवीस चौकटींच्या मध्ये टीव्ही मनाने चौकटी घुसवतो, आणि संगणकावर तरुण केलेल्या चेहऱ्यावर ते सगळ्यात वाईट दिसतं, थेट व्हिडिओ गेम. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावून मोकळं व्हावं. नॉइज रिडक्शनही बंद. पहिले चार भाग ३५ मिमी फिल्मवरचे आहेत, त्यांच्यावर दिसणारा फिल्मचा बारीक कण ही घाण नव्हे. पाचवा डिजिटल कॅमेऱ्यावरचा. वरखालच्या काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. चित्र २.३९ ला १ आहे, २१६० रेघांपैकी जेमतेम १६०० रेघा त्याला मिळतात. झूम करून पडदा भरणाऱ्यांशी मला बोलायचं नाही.

आता खरी चिडवणारी गोष्ट. हे सगळं जितकं नीट लावाल तितका चेहरा उघडा पडतो. स्ट्रीमिंगवर फोरकेला (त्या २१६० रेघांच्या चित्राला) सेकंदाला पंधरा ते पंचवीस मेगाबिट मिळतात, डिस्कवर त्याच्या दुप्पट-तिप्पट. कमी बिटमध्ये अंधारातला धूर चौकोन-चौकोन होतो, गालावरची कातडीही सपाट होते, आणि त्या सपाटपणात तो चेहरा खरा वाटतो. पूर्ण दर्जाची डिस्क लावा, डोळ्यांच्या कडेची हालचाल उघडी पडते. चांगलं यंत्र घेतल्याची शिक्षाच म्हणायची.

हे सिनेमे बनवणाऱ्या लुकासफिल्मच्या कपाटात जुन्या भागांचं मोप फुटेज पडलेलं होतं. हॅरिसन फोर्डचा चेहरा हव्या त्या कोनातून, हव्या त्या उजेडात तिथून काढता येत होता, आणि त्यांच्याच स्पेशल इफेक्ट्सवाल्या आयएलएमने तसा तो घेतलाही. फोर्ड १९४२ चा, चित्रीकरण २०२१ मध्ये सुरू झालं. आवाजाचं तसं करणं त्यांना जमलं नाही की करायचंच नव्हतं?

सगळी वाट बघितली ती या आवाजासाठी का? १९८९ नंतर १९ वर्षं काही नाही. २००८ मध्ये चौथा आला, नायक फ्रिजमध्ये शिरून अणुस्फोटातून वाचतो, त्यावर बोलायला नको. मग पुन्हा १५ वर्षं. एवढं थांबल्यावर माणसाचा काही हक्क होत नाही का? पहिली वीस-पंचवीस मिनिटं तरी धड मिळावीत. नायकाचे वडील झालेला शॉन कॉनरी नाही, मित्र मार्कस झालेला डेनहोम एलियट १९९२ लाच गेला. दुसऱ्या भागातले आपले अमरीश पुरी २००५ मध्ये गेले, डोक्याचा गोटा करून उभे राहिलेले. भारताने परवानगी दिली नाही म्हणून श्रीलंकेत चित्रीकरण झालं. उरला होता एकटा हा माणूस, त्याच्याही तोंडात दुसऱ्याचा आवाज. म्हणजे त्याचाच, पण… जाऊ दे.

आणि पूर्वी घरी बघायला मिळायलाही थांबावं लागायचं. पहिला भाग १९८१ च्या जूनमध्ये लागला आणि अमेरिकेत त्याची व्हिडिओ कॅसेट आली १९८३ च्या डिसेंबरमध्ये, किंमत ३९ डॉलर ९५ सेंट. अडीच वर्षं. पाचवा ३० जून २०२३ ला तिकडे लागला आणि २९ ऑगस्टला घरबसल्या विकत मिळू लागला, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात डिस्क. पंधरा वर्षं ताटकळायचं आणि दोन महिन्यांत सोफ्यावर. एवढ्या वेळात थिएटरची आठवण मुरतसुद्धा नाही. मग घरच्या मधल्या स्पीकरातून आवाज येतो, साडेसात फुटांवरून, आणि त्यातला एकेक श्वास मोजता येतो.

घरच्या आवृत्त्यांनी पुसापुशी आधीही केली आहे. पहिल्या भागात सापांच्या तळघरात नाग आणि नायक समोरासमोर येतात, तिथे मधल्या काचेत नागाचं प्रतिबिंब दिसायचं. २००३ च्या डीव्हीडी संचात ते पुसलं. कॅसेटवर पाहिलेल्यांना ते आठवतं, आणि आता ते नाही याची हळहळही वाटते. काचेचा डाग गेला याची हळहळ! मी काय वाद घालणार.

आता मघापासून सुचलेली गोष्ट लिहूनच टाकते, कारण ती माझ्याच विरुद्ध जाते. पाल या आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर, आणि त्याआधी आपल्या टीव्हीवर, चोवीस चौकटींचा सिनेमा पंचविसाच्या वेगाने पळायचा. म्हणून ११५ मिनिटांचा पहिला भाग ११० मिनिटांत संपतो. मुद्दाम दुरुस्ती केली नसेल तर सगळ्यांचे आवाज चार टक्क्यांनी चढतात, अर्ध्या स्वराला (सेमीटोनला) थोडे कमी. माझ्या कानात जो तरुण इंडी बसला आहे तो असा चार टक्के वर चढलेला आहे. २०२१ च्या फोरके संचात पहिला भाग चोवीसच्या वेगानेच चालतो, आणि १९८१ चा फोर्ड तिथे चक्क जाडसर बोलतो. म्हणजे ज्या आवाजाची इतकी वर्षं वाट पाहिली तो कुणाचाच नव्हता. निम्मी तक्रार इथेच निकालात निघाली. उरलेली निम्मी आहेच.

शिवाय प्रस्तावना संपते, १९६९ उजाडतं, शेजाऱ्यांच्या दणदणाटाने जागा झालेला म्हातारा उघड्या अंगाने, चड्डीवर, बॅट घेऊन भांडायला जातो, आणि एकदम सगळं बसतं. तोच आवाज. एक शब्दही खटकत नाही. चिडका, घसा बसलेला, झोपमोड झालेला. त्या आवाजाला त्याचा माणूस भेटला एवढंच. सुरुवातीची आगगाडी वगळून थेट इथून सुरू करायचं तर डिस्कवर चॅप्टरचं बटण दाबत जायचं. पण टपावरची मारामारी चांगली आहे, ती सोडवत नाही.

डिस्क मधेच गोठली तर फिल्मला दोष देण्याआधी तिच्याकडे बघावं. १०० जीबीच्या डिस्कमध्ये तीन थर असतात, थर बदलताना बोटाचा ठसाही पुरतो. मऊ मायक्रोफायबरने मधून कडेकडे पुसायची, गोल गोल नाही. तरीही अडकली तर प्लेअरचं सॉफ्टवेअर अद्ययावत करावं. फोरके डिस्कला प्रदेशाचं कुलूप नसतं, अमेरिकेहून कुणी आणली तरी चालते. सोबतच्या ब्लू-रेला मात्र असू शकतं, आपण 'सी'मध्ये येतो. आणि पहिल्या चारांचा संच पॅरामाउंटचा, पाचवा डिस्नेचा, त्यामुळे कपाटात डब्यांच्या पाठी एका रांगेत शोभणार नाहीत, ही तयारी ठेवावी.

चार टक्क्यांचा प्रयोग कुणाला करायचाच असेल तर ट्रेलरवर करावा. संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये वेग १.०४ ठेवायचा आणि ऑडिओच्या सेटिंगमधलं 'टाइम-स्ट्रेचिंग' बंद करायचं, नाहीतर ते स्वर आपोआप जागेवर आणतं. म्हातारा साधारण पंचाहत्तरीपर्यंत येतो. पंचेचाळिशीला न्यायचं म्हटलं तर मिकी माउस होईल, आणि तोही डिस्नेचाच.