बसायचंच आहे तर पुस्तक कशाला?

भाचा आळत्याच्या विपश्यना केंद्रात दहा दिवस बसून आला. बॅग खाली ठेवायच्या आधीच म्हणाला, "मामा, तिथं पुस्तक आत न्यूच देत नाहीत. वही-पेनसुद्धा जमा करून घेत्यात. आणि तुम्ही रोज सकाळी ग्रंथ उघडून बसताय. बसायचंच हाय तर डोळं मिटून बसावं की सरळ!"

विहारातले आमचे एक ज्येष्ठ दुसऱ्या बाजूनं टोकतात. "बाबासाहेबांनी निवडून-पाखडून सगळं एका ग्रंथात दिलंय. परत पालीच्या रानात शिरायचं काय कारण?" शेजारचे माळकरी काका ज्ञानेश्वरीचं पारायण करतात, त्यांचा सवाल सरळ असतो: "तुमच्या पोथीचं फळ काय?" आमच्यात पोथी म्हणत नाहीत, ग्रंथ म्हणतात. पण काकांशी त्यावरून हुज्जत घालायचं मी सोडून दिलंय. तिघांचा प्रश्न एकच आहे: पाली भाषेतली बुद्धांची सुत्तं, म्हणजे प्रवचनं, रोज वाचायची कशाला? आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा बसून सांगतो.

मी अभ्यासक नाही. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका छापखान्यात तीसेक वर्षं प्रुफं तपासली. लागलो तेव्हा अक्षरांचे खिळे जुळवायचे, मग ऑफसेट आलं, मग डीटीपी. यंत्रं बदलली, माझी लाल पेन्सिल तीच राहिली. लग्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल, कुस्तीच्या मैदानांची पत्रकं, असलं सगळं. पाली शिकलो ती निवृत्तीनंतर, तीही अडखळत. चिमणराव लिहिणारे चि. वि. जोशी बडोद्याला पाली शिकवायचे हे कळलं, तेव्हा त्या भाषेची निम्मी भीती गेली.

छापखान्यातला एक प्रसंग सांगतो, कारण माझं सगळं वाचन त्यावर उभं आहे. एका लग्नाच्या सातशे पत्रिका. प्रूफ मी तीनदा पाहिलं. नावं, तिथी, मुहूर्त, आजोबांच्या नावामागचं कै., सगळं काटेकोर. पत्रिका छापून गेल्या, आणि संध्याकाळी नवऱ्या मुलाचे वडील दारात. वरती मोठ्या अक्षरात ‘शुभविवाद’. ह च्या घरात द चा खिळा पडला होता. माझी नजर त्यावरून तीनदा गेली आणि तिन्ही वेळा तिनं ‘शुभविवाह’च वाचलं. लग्नपत्रिकेवर दुसरं असणार काय! बारीक अक्षरात मी चुका शोधत होतो आणि मोठ्या अक्षरातलं मी वाचतच नव्हतो, ते मला आधीपासून ठाऊक होतं.

म्हणून जुन्या छापखान्यात दोन माणसं बसायची. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, अगदी स्वल्पविरामासकट, आणि दुसऱ्यानं प्रुफावर बोट फिरवायचं. एकट्या डोळ्यावर भरवसा ठेवायचा नाही.

बुद्धांच्या शेवटच्या दिवसांचं महापरिनिब्बान सुत्त आहे, त्यात चार महापदेस, म्हणजे पारखायच्या कसोट्या येतात तिथं पोचलो तेव्हा मला एकदम घरचं वाटलं. कुणी म्हणालं, हे मी खुद्द भगवंतांच्या तोंडून ऐकलंय, किंवा अमक्या संघाकडून, किंवा बहुश्रुत थेरांकडून, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंकडून, तर लगेच मान डोलवू नका आणि लगेच झिडकारूही नका. ते शब्द नीट धरून सुत्ताशी लावून पाहा, विनयाशी, म्हणजे भिक्षूंच्या नियमांशी पडताळा. जुळले तर घ्या, नाही जुळले तर सोडा. म्हणजे मूळ प्रतीशी ताडून पाहा. हेच तर मी तीस वर्षं पगार घेऊन करत होतो.

तर आता आमच्या घरी तेच चालतं. बायको मराठी भाषांतर मोठ्यानं वाचते, मी पालीच्या ओळीवर बोट ठेवून चालतो. रोज चार-पाच ओळी, जास्त नाही. मग अर्धा-पाऊण तास बसतो.

या पद्धतीनं माझ्या डोक्यातले किती ‘शुभविवाद’ सापडले, त्यातला सगळ्यात मोठा सांगतो.

‘अत्त दीप भव’ तुम्ही पाहिलेलं असतं. आमच्या विहाराच्या कमानीवर आहे, जयंतीच्या प्रत्येक फलकावर असतं, शेजारी एक तेवती ज्योत. स्वयंप्रकाशित व्हा. लहानपणापासून हाच अर्थ. त्याच महापरिनिब्बान सुत्तात मात्र शब्द आहेत ‘अत्तदीपा विहरथ अत्तसरणा अनञ्ञसरणा’, म्हणजे स्वतःच स्वतःचा दीप आणि आसरा होऊन राहा, दुसऱ्याचा आसरा नको; आणि लगेच पुढे ‘धम्मदीपा धम्मसरणा’, धम्म हाच दीप आणि आसरा. प्रसंग वैशालीजवळच्या बेलुव गावातला, शेवटच्या वर्षावासातला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामातला. बुद्ध ऐंशीचे, आजारातून नुकते उठलेले. दोऱ्या-पट्ट्या बांधून जुनी गाडी ओढावी तसं हे शरीर चाललंय, असं स्वतःच म्हणतात. त्यांचा शिष्य आनंद, त्याला धास्ती, की आता संघाला शेवटचं काही सांगणार की नाही. बुद्ध म्हणतात, मी मूठ झाकून काही ठेवलेलं नाही. आणि मग हे वाक्य.

पालीत ‘दीप’ दोन शब्दांचं काम करतो, संस्कृतातल्या दीपाचं आणि द्वीपाचंही. दिवा आणि बेट. बुद्धघोष या जुन्या टीकाकाराच्या अट्ठकथेत, म्हणजे भाष्यात, इथं महासागरातलं बेट असाच अर्थ घेतलाय. संस्कृत पाठातही आत्मद्वीप आहे. तरी मी मानायला तयार नव्हतो, कमानीवरची ज्योत डोळ्यांपुढून जाईना. मग धम्मपदातली पंचविसावी गाथा आली: ‘दीपं कयिराथ मेधावी, यं ओघो नाभिकीरति’. शहाण्यानं असा दीप करावा, जो ओघात बुडणार नाही. ओघ म्हणजे पूर. पुरात दिवा बुडतो की विझतो, यावर चर्चा करता येईल, पण गाथेला काय म्हणायचंय ते कोल्हापूरच्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको.

२०१९ चा ऑगस्ट आठवा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ फुटांच्याही वर. आमचं घर नदीकडच्या उतारावर. लाईट गेलेली, हायवे बंद. घरात दोन बॅटऱ्या होत्या, मेणबत्त्या होत्या. बॅटरी मारून आम्ही बघत काय होतो, तर पाणी जिन्याच्या कितव्या पायरीला आलंय. उजेडानं पाणी किती आलंय ते कळत होतं, पुढं काय? पहाटे शेजारच्या पोरांनी आम्हाला वरच्या अंगाच्या शाळेत नेलं. तीन दिवस चौथीच्या वर्गात, बाकं जोडून. चारी बाजूंनी पाणी आणि पायाखाली कोरडी फरशी. गाथा मी त्याआधी पाठ केली होती. अर्थ त्या फरशीवर लागला.

पण खरी गंमत पुढच्या ओळीत आहे, आणि तिथवर बहुतेक कुणी जात नाही. भिक्षू अत्तदीप होऊन राहतो म्हणजे काय करतो, हे सुत्त तिथल्या तिथं सांगतं: काये कायानुपस्सी विहरति. शरीर शरीर म्हणून पाहत राहतो, तसंच वेदना (सुखदुःखाची जाणीव), तसंच चित्त, तसेच धम्म (मनात येणारे विषय). म्हणजे चार सतिपट्ठान, जागेपणानं पाहण्याच्या चार जागा. भाचा दहा दिवस ज्याची सुरुवात शिकून आला तेच! जे वाक्य मी आयुष्यभर ‘आपल्या हिमतीवर जगा’ म्हणून भाषणात वापरलं, ते बैठकीची सूचना निघालं.

त्यानं माझ्या बसण्यात फरक पडला. पूर्वी राग आला, की मी त्यावर उजेड टाकायला जायचो. का आला, कुणामुळे आला, कुणाचं किती चुकलं. चांगला झगझगीत उजेड, आणि त्यात राग आणखी ठळक. आता पाणी चढतंय एवढं कळलं, की श्वासापाशी येऊन थांबतो. नेहमी जमतं असं नाही. भावाबरोबर घराच्या वाटणीचं बोलणं निघालं, की अजून पायऱ्या बुडतात.

दुसरा ‘शुभविवाद’ कालाम सुत्तातला, आणि तो बायकोनं पकडला. हे सुत्त मी काठीसारखं वापरत आलो. ऐकीव आहे म्हणून मानू नका, परंपरा आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका. काकांच्या पारायणाच्या सांगतेला जाऊन, त्यांच्याच घरचा प्रसाद खात, मी हे त्यांना ऐकवलेलं आहे. बायको वाचत होती, मध्येच थांबली. "अहो, तर्काला पटलं म्हणूनसुद्धा मानू नका म्हणतंय की हे. आणि आपल्या मताशी जुळतंय म्हणूनपण नको. तुम्ही एवढंच कसं गाळून सांगत होता?"

पाहिलं. तक्कहेतु. दिट्ठिनिज्झानक्खन्ति. दहाच्या यादीत दोन्ही आहेत, आणि मी मला सोयीची तीन-चारच उचलली होती. शिवाय यादीपाशी सुत्त संपत नाही. पुढं बुद्ध कालामांना, म्हणजे ज्यांना हे सांगितलं त्या लोकांना, विचारतात, लोभ उपजला तर माणसाचं हित होतं की अहित? द्वेष उपजला तर? मोह उपजला तर? उत्तरं ते स्वतःच्या अनुभवातून देतात. मग मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा यांनी चारी दिशा भरायच्या येतात. आणि शेवटी चार आश्वासनं. त्यातली पहिली दोन मला फार मोलाची वाटतात: परलोक असेल तर अशा माणसाचं तिथं भलंच होईल, आणि नसेल तर इथंच तो वैराशिवाय सुखानं राहील. पुनर्जन्मावरून आमच्या विहारात भांडणं होतात, तेव्हा मला हे हमखास आठवतं.

मैत्री चारी दिशांना पाठवायची म्हटली, की माझी पंचाईत होते. पश्चिमेला काकांचं घर आहे.

ग्रंथ काठीसारखा वापरण्याबद्दल सुत्तांतच लिहिलेलं आहे, हे त्यानंतर महिन्याभरानं सापडलं. अलगद्दूपम सुत्त. अरिट्ठ नावाच्या भिक्षूनं उपदेशाचा भलताच अर्थ लावलेला. त्यावर बुद्ध म्हणतात, काही जण धम्म शिकतात तो दुसऱ्याचे दोष काढायला आणि वादात सुटका करून घ्यायला. ते शिकणं शेपटाकडून साप धरण्यासारखं. धरायचा तर आधी बेळक्याच्या काठीनं मान दाबून. आमच्या भागात सर्पमित्र गल्लोगल्ली, त्यामुळे चित्र डोळ्यांपुढं लगेच उभं राहिलं. आणि त्यात शेपटी धरलेला माणूसही ओळखीचा होता.

आता विहारातल्या ज्येष्ठांचं. वर्षावासात आम्ही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचतो, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी. मी त्या वाचनाला चुकत नाही. पण त्याच ग्रंथात बाबासाहेब बजावतात, की बुद्धांच्या नावावर जे जे सांगितलं जातं ते तपासून घ्या, भाणकांच्या, म्हणजे सुत्तं तोंडपाठ ठेवणाऱ्या भिक्षूंच्या, पाठांतरात चुका होऊ शकतात. बुद्धांच्या हयातीतच त्यांच्या म्हणण्याचा विपर्यास झाल्याची पाच उदाहरणं ते देतात, आणि त्यातलं एक हेच अलगद्दूपम सुत्त. बाबासाहेब मला ज्या दारापाशी नेऊन सोडतात, तिथून मी परत फिरू कशासाठी?

गृहत्यागाचंच घ्या. म्हातारा, रोगी, प्रेत पाहून सिद्धार्थ घर सोडतो ही कथा बाबासाहेबांना पटली नाही. शाक्य, म्हणजे सिद्धार्थाचं कुळ, आणि शेजारचे कोलीय यांचा रोहिणी नदीच्या पाण्यावरचा तंटा त्यांनी पुढं ठेवला. पालीचे अभ्यासक धर्मानंद कोसंबींनी १९४०-४१ साली ‘भगवान बुद्ध’मध्ये त्याच वाटेचा विचार मांडला होता, सुत्तनिपात या पाली संग्रहातल्या अत्तदण्ड सुत्ताचा आधार घेऊन. नदीच्या पाण्यावरून माणसं हातघाईवर येतात हे आम्हाला नवीन नाही. दूधगंगेचं पाणी इचलकरंजीला न्यायचं म्हटल्यावर इथं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. मला ही मांडणी पटते. पण त्या सुत्तातल्या गाथेत नदीचं नाव नाही. तिथं एवढंच आहे, की अपुऱ्या पाण्यात तडफडणाऱ्या माशांसारखी, एकमेकांशी झगडणारी माणसं पाहून मला भय वाटलं. रोहिणी हा दोन मोठ्या माणसांनी लावलेला अर्थ. तो लावला म्हणून माझं बोट त्या गाथेवर पडलं, हे त्यांचे उपकार. गाथा वाचून डोळे मिटल्यावर दिसतात ते मात्र मासे, आणि त्यात आम्ही दोघं भाऊ असतो.

भाच्याला मी सांगितलं, केंद्रात दहा दिवस पुस्तक बाहेर ठेवतात ते बरोबरच आहे. तिथं वाचायला दिलं असतं, तर तू त्याच्याच आड लपला असतास. पण त्याच परंपरेत जुन्या साधकांसाठी सतिपट्ठान सुत्ताचं वेगळं शिबिर असतं, आणि तिथं सुत्तच समजावून सांगतात. परियत्ती, पटिपत्ती, पटिवेध. शिकणं, करणं, उलगडणं. क्रम काही उगाच लावलेला नाही. त्यानं मान डोलावली. पटलं की चहा संपवायचा होता, कळलं नाही.

परवा त्याचाच फोन आला. विहाराच्या कार्यक्रमाचा फलक छापायला टाकलाय, प्रूफ मोबाइलवर पाठवलंय. "मामा, एकदा नजर टाका. बरोबर हाय न्हवं?"

मोठ्या निळ्या अक्षरात ‘अत दीप भव’, बाजूला ज्योत. मी आधी अक्षरं उलट्या क्रमानं वाचली, मग बायकोला मोठ्यानं वाचायला लावलं. ‘त’ ला ‘त’ जोडायला सांगितला. ज्योत राहू दिली.