घरपट्टी, शाळा आणि एच-१बी

आज संध्याकाळी स्कूल बोर्डाच्या मीटिंगला गेले होते. न्यू जर्सीत शाळांचा बराचसा खर्च घरपट्टीतून निघतो, त्यामुळे तिथे आवाज चढतातच. एक गोरे आजोबा उठून म्हणाले, आयटीवाल्यांच्या पोरांनी वर्ग भरलेत. अहो, भाड्यातून घरपट्टी आम्हीही भरतोच की! पण त्यांच्या मुलाची नोकरी आउटसोर्सिंगमध्ये गेली, आणि जाण्याआधी त्याच्या जागी आलेल्या एच-१बीवाल्याला (म्हणजे अमेरिकेत काम करायच्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्याला) काम त्यानेच शिकवलं, हे ऐकल्यावर माझं तोंड बंद झालं. दरवर्षी ८५,००० व्हिसांची लॉटरी, त्यात आपला नंबर लागला की पेढे. अशा गेलेल्या नोकऱ्यांबद्दल मात्र आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चकार शब्द नाही. बाकी, नव्या मुलांना इंग्रजी शिकवायला जादा शिक्षिका हवी, तो विषय ढकलला पुढच्या महिन्यावर.