इको ठेवायची का काढायची, आणि मधे बँक : माझा अनुभव

घरात पंधरा वर्षांची गाडी असेल आणि तिचं काय करायचं असा विषय चालला असेल तर मिस्त्रीकडं किंवा शोरूमला जायच्या आधी मोबाईलवर सरकारच्या एम परिवहन ॲपवर गाडीची आरसी उघडा आणि फायनान्सरच्या रकान्यात कुणाचं नाव आहे का बघा. कर्ज फिटून दहा वर्षं झाली असली तरी बघा. आम्हाला हे शोरूममधल्या एका पोरानं दोन मिनिटांत सांगितलं आणि तिथून पुढं माझी दिवाळी बँकेच्या बाकड्यावर गेली. राग अजून आहे, त्यामुळं मागंपुढं झालं तर समजून घ्या.

गाडी २०१० ची इको. पेट्रोल, सात सीटची, एसी नाही, एमएच १०. मारुतीनं इको त्याच वर्षी बाजारात आणली होती आणि आण्णांनी (माझे सासरे) दिवाळीनंतर घेतली, नोव्हेंबरचं पासिंग. म्हणजे नोव्हेंबर २०२५ ला पंधरा वर्षं पूर्ण. घर सांगलीत शामरावनगरला, द्राक्षबाग तासगावकडं. आठवडाभर गाडीत औषधाचे डबे, कॅरेट, छाटणीची माणसं, आणि रविवारी तीच धुऊन घरातली सात जणं औदुंबरला नाहीतर खरसुंडीला. ऑक्टोबरला फळछाटणी चालू झाली की ह्यांना जेवायला वेळ नसतो, मग कागदाची कामं माझ्याकडं.

गाडीला झालं काय होतं तर क्लच संपत आला होता, सरकता दरवाजा दोन हातांनी ओढल्याशिवाय लागायचा नाही, चाळीसच्या पुढं गेलं की खालून घुंऽऽ आवाज, आणि मधल्या सीटखालचा पत्रा गंजलेला. हा गंज २०१९ च्या महापुराचा. त्या वेळी आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोका पातळी ४५ ची. गाडी बाहेर काढेपर्यंत पाणी फ्लोअरला लागलं होतं, वरून मॅट वाळली पण खाली ओल राहिली. २०२१ च्या पुराला शहाणे झालो होतो, निरोप आल्या आल्या गाडी विश्रामबागला नणंदेच्या दारात.

कुपवाडचा मिस्त्री आमचा जुना आहे. त्यानं सगळं मिळून ६८ हजार सांगितले. ह्यांचं तोंड उतरलं, मी म्हटलं मिस्त्री, वहीचं पान फाडा आणि तीन भाग करा, कशाशिवाय गाडी चालणार नाही, कशाशिवाय पासिंग होणार नाही, आणि कशाशिवाय नुसतं बरं दिसणार नाही. तिसऱ्या भागात पेंट, सीट कव्हर, डेंटिंग असलं सगळं गेलं आणि आकडा आला ४३ वर. त्यातला आवाज डिफरन्शियलचा असेल म्हणून आम्ही घाबरलो होतो, इको मागच्या चाकांवर चालते ना, पण निघाला प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस, तो स्वस्तातला. गंजाचं त्यानं मला दाखवून दिलं. गाडी वर घेतली, स्क्रू ड्रायव्हर घेऊन खालच्या लांब पट्ट्या, जॅक लावायच्या जागा, मागच्या स्प्रिंगची बैठक सगळीकडं टोचत गेला. "वहिनी, हितं जर आत गेला असता तर मी स्वतः सांगितलं असतं, घालवा म्हणून. इंजिन कितीबी वेळा बांधता येतं, सांगाडा नाही." आमचा गेला नाही. फक्त फ्लोअरचा पत्रा, तो कापून नवीन वेल्ड होतो. जुनी गाडी दाखवायला नेली तर हे टोचणं समोर उभं राहून करून घ्या, नुसतं "गंज लागलाय" ऐकून निर्णय घेऊ नका.

तरी ह्यांच्या मनात नवीन होती. २२ सप्टेंबरपासून जीएसटी कमी झाला म्हणून शोरूमला जत्रा भरल्यासारखी गर्दी. इको लहान गाडीत बसते त्यामुळं तिला १८ टक्के, अर्टिगा लांबीला चार मीटरच्या वर आणि इंजिनही मोठं, ती ४० टक्क्यांत, म्हणजे आधी सेस धरून ४५ होता त्यापेक्षा कमी, पण फार नाही. नवीन इकोत एअरबॅग सहा आहेत, सगळं छान, पण सीटही सहाच. सातवी काढून टाकली. आम्ही सात. आई (सासूबाई) म्हणाल्या मी राहते घरी, आणि हे ऐकून मला जास्त चीड आली. मग अर्टिगा. तीत कॅरेट कोण घालू देणार? दारातच चपला काढल्याशिवाय आत बसू देणार नाहीत हे मला.

तर ते पोरगं एक्स्चेंजची किंमत काढायला बसलं, मोबाईलवर नंबर टाकला आणि म्हणालं, "मॅडम, एचपी आहे की अजून गाडीवर." एचपी म्हणजे हायपोथिकेशन, आरसीवरचा बँकेचा बोजा. कर्ज २०१५ ला फिटलंय. आण्णांनी बँकेचा बेबाकी दाखला लॅमिनेट करून फाईलला लावलाय. पण दाखला म्हणजे कर्ज संपल्याचा कागद, आरटीओच्या रेकॉर्डवरून बँकेचं नाव काढायला बँकेची एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ लागतो, आणि तो त्या वेळी बँकेनं दिला नाही, कुणी सांगितलंही नाही. एचपी असताना गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही, एक्स्चेंजला जात नाही, सरकारमान्य स्क्रॅप सेंटरला पण घेत नाहीत. एक जुन्या गाड्यांचा व्यापारी तयार होता, पण कसा, एचपी काढून दिली तर १ लाख ४० हजार, आहे तशी ९०. म्हणजे त्या एका कागदाची किंमत ५० हजार, मिस्त्रीच्या ४३ हजारांपेक्षा जास्त.

आता बँक. ज्या सहकारी बँकेचं कर्ज होतं ती मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झाली. शाखा तीच, विश्रामबागलाच, पाटी बदलली. काउंटरवरच्या बाईंनी लॅमिनेट केलेला दाखला ट्यूबलाईटकडं धरून बघितला, जणू नोट खोटी आहे का बघतायत, आणि नाव टाकून म्हणाल्या, खातं सिस्टीमला दिसत नाही. विलीन व्हायच्या आधी बंद झालेली खाती नवीन सिस्टीममध्ये आलीच नाहीत. मी म्हटलं, उत्तम, खातंच नाही म्हणजे कर्ज नाही, तसं लिहून द्या.

"तसं देता येत नाही मॅडम."

"का?"

"खातं सापडल्याशिवाय ते बंद झालंय असं आम्ही कसं लिहिणार?"

यावर काय बोलणार सांगा. कर्ज खात्याचा नंबर आणा म्हणाल्या. दाखल्यावर नंबरच्या जागी फक्त "वाहन कर्ज" लिहिलेलं, त्यांच्याच बँकेनं. घरी सगळ्या फायली उपसल्या. शेवटी नंबर मिळाला तो आण्णांच्या बचत खात्याच्या जुन्या पासबुकात, कारण हप्ता तिथून वळता व्हायचा आणि प्रत्येक नोंदीपुढं कर्ज खात्याचा नंबर छापलेला होता. त्यामुळं जुनी पासबुकं रद्दीत घालू नका, कर्ज फिटलं तरी.

नंबर नेला तर आता फाईल नाही. का नाही? "पुरात गेली." मी जन्मापासून सांगलीतली आहे, मी विचारलं, अहो, विश्रामबागला पुराचं पाणी कधी आलं? तर म्हणाले शाखेत नव्हतं आलं, पण जुनं दप्तर गावभागात गोडाऊनला ठेवलं होतं. बरं. खरं असेलही, गावभागात पाणी होतंच. पण पुरात त्यांची फाईल गेली त्याचा भुर्दंड आमच्या गाडीनं का भरायचा? आमची पण गाडी त्याच पुरात गंजली की!

मग हमीपत्र द्या म्हणाले, स्टॅम्प पेपरवर. पूर्वी शंभराचा चालायचा, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा लागतो, तो पण आणला. तर म्हणे दोन जामीनदारांच्या सह्या पण पाहिजेत. फिटलेल्या कर्जाला जामीनदार! तिथं मात्र मी हटले, स्टॅम्पवर आण्णा सही करतील, जामीन देणार नाही, कशासाठी ते लेखी द्या म्हटलं. लेखी म्हटल्यावर मॅनेजर साहेबांनी माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. पुढं बरेच दिवस "हेड ऑफिसला मेल केलाय" हे एकच उत्तर. एकदा म्हटलं मला दाखवा तो मेल, नुसता वरून दाखवा. शोधत बसले. मेल गेलाच नव्हता.

त्या दिवशी तिथंच बाकड्यावर बसून हातानं अर्ज लिहिला. आण्णांच्या नावानं, खाते नंबर, दाखल्याची तारीख, आधी कोणत्या तारखांना येऊन काय उत्तर मिळालं ते सगळं, आणि खाली, तीस दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करणार. दोन प्रती, एकीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय उठले नाही. शिक्क्याची बाई जेवायला गेलीय म्हणाले, म्हटलं जेवू दे, मी बसलेय. ही तीस दिवसांची गोष्ट धमकी नाही, तसाच नियम आहे, आधी बँकेकडं लेखी तक्रार करायची आणि तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर लोकपालाकडं फुकट तक्रार करता येते, ऑनलाइन पण, १४४४८ वर फोन करून माहिती पण मिळते. तोंडी शंभर चकरा मारल्या तरी त्या कुठं मोजल्या जात नाहीत. रिझर्व्ह बँकेचा दुसरा एक नियम आहे, कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत कागद परत करायचे आणि बोजा काढायचा, नाहीतर दिवसाला पाच हजार भरपाई. तो पण मी काढून नेला होता. मॅनेजर हसून म्हणाले मॅडम, तो १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे, तुमचं कर्ज २०१५ चं. ते बरोबर होतं. पण ज्यांचं गाडीचं कर्ज आत्ता फिटतंय त्यांनी हा नियम लक्षात ठेवा, आणि शेवटचा हप्ता भरला की बेबाकी दाखल्यावर खूश होऊन घरी येऊ नका, फॉर्म ३५ मागा. एनओसीवर तीन महिन्यांची मुदत असते, तेवढ्यात आरटीओचं काम उरकायचं, नाहीतर परत बँक.

महिना पुरा व्हायच्या आत हेड ऑफिसवरून आण्णांना फोन आला, फार गोड बोलत होते, काका काका करत. एनओसी तयार, फॉर्म ३५ तयार, जामीनदाराचं नाव पण कुणी काढलं नाही. आणि घरी येऊन बघते तर चेसिस नंबरात एक आकडा चुकलेला. एका आकड्यानं आरटीओला काम होत नाही. परत गेले. त्या वेळी माझा आवाज जरा चढला, मान्य, पण त्याच दिवशी दुसरा फॉर्म मिळाला. असा कागद हातात आला की काउंटर सोडायच्या आधी आरसी बाजूला ठेवून चेसिस आणि इंजिन नंबर बोट ठेवून वाचा.

आरटीओचं मात्र काहीच सांगण्यासारखं नाही. एचपी निघाली. आरटीओच्या 'वाहन' पोर्टलवरच्या रेकॉर्डला आण्णांचा बंद पडलेला मोबाईल नंबर होता, ओटीपी तिकडं जात होता, तो आधी बदलून घेतला, हे तुम्ही पण पहिल्यांदा करा. एचएसआरपी म्हणजे नवीन सुरक्षा नंबर प्लेट बसवली, चारचाकीला ७४५ अधिक जीएसटी.

आणि निर्णय? तो बँकेतच झाला म्हणा. इतके दिवस गेले की शोरूमची ऑफर संपली, आणि बाकड्यावर बसून हिशोब करायला वेळच वेळ होता. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात घालावी लागते असं गावात अर्धे लोक सांगतात, ते दिल्लीकडचं ऐकून. आपल्याकडं खासगी गाडी तपासणीत पास झाली की फॉर्म २५ भरून पाच वर्षं वाढवून मिळते. चारचाकीची फी एप्रिल २०२२ पासून पाच हजार, पर्यावरण कर वेगळा, उशीर केला तर महिन्याला पाचशे दंड, आणि मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो. दुरुस्ती, फी, कर, थर्ड पार्टी इन्शुरन्स (आमच्या इंजिनाला ३,४१६ अधिक जीएसटी) सगळं धरून साठ हजाराच्या आत बसलं. अर्टिगाचा वर्षाचा हप्ता याच्या दुप्पट. गाडी बागेत आणि देवाला, महिन्याला फार तर पाचशे किलोमीटर. रोज कराड-पुणे करायचं असतं तर मीच म्हटलं असतं घालवा, एअरबॅग नाही, एसी नाही. ह्यांना अजून थोडी खंत आहे, पण आता एचपी नाही म्हणजे उद्या द्राक्षाला दर चांगला लागला तर विकायला मोकळे आहोत. मात्र २०३० च्या पुढं ठेवणार नाही, वीस वर्षांवरच्या चारचाकीला ऑगस्ट २०२५ पासून तीच फी दहा हजार केलीय.

तपासणीच्या आधी चेसिस नंबर कुठं कोरलाय ते बघून ठेवा, आमचा गंजाखाली अर्धा गेला होता, मिस्त्रीनं पॉलिश पेपरनं हळू घासून काढला. त्यानं सरकत्या दरवाजाचे रोलर पण बदलले, आता आई एका हातानं लावतात.

अजून एक, इन्शुरन्सच्या पॉलिसीवर पण त्या जुन्या बँकेचं नाव होतं. एचपी निघालेली आरसी कंपनीला पाठवून ते काढून घेतलं. ते मात्र फोनवर झालं.