आज दिवसभर चुन्याच्या दर्जा

जुन्या दगडी भिंतीच्या दर्जा (दगडांमधल्या सांध्यांच्या फटी) भरायच्या म्हणजे निम्मा दिवस उकरण्यातच जातो. खोली दर्जेच्या रुंदीच्या दुप्पट, निदान 25 मिमी तरी हवी. वरवर खरवडून भरलेला चुना पापुद्र्यासारखा सुटतो. ग्राइंडर नकोच, दगडाच्या कडा जातात. अरुंद छिन्नी बरी.

मग धूळ झाडून पाणी मारायचं. दगड कोरडा राहिला तर चुन्यातलं पाणी शोषतो आणि चुना भुसभुशीत होतो. मुरवलेल्या चुन्याचा लगदा एक भाग, टोकदार दाण्याची, जाड-बारीक वाळू तीन भाग. पाणी वाढवायचा मोह सगळ्यांनाच होतो (मळायला सोपं जातं ना!), पण मग सुकताना भेगा पडतात. मुठीत दाबलेला गोळा टिकला पाहिजे, हाताला फार चिकटता कामा नये.

भरल्यावर लगेच घोटू नका. अंगठा रुततही नाही, पण नखाने ओरखडा उठतो, तेव्हा ताठ ब्रशने ठोकायचं. नंतर काही दिवस ओलं गोणपाट.

आणि कृपा करून सिमेंट नको. ओल दर्जेतून बाहेर पडायची थांबते, दगडातून वाट काढते आणि दगडाचाच पृष्ठभाग सोलवटतो.